कोरी नळी

माया उबाळेला कुणी विचारलं, "कॉलेजात काय काम करतेस गं?" तर ती सरळ सांगायची, "भांडी घासते." विचारणारीचा चेहरा कसनुसा झाला की मग पुढचं वाक्य यायचं. "काचेची. तुम्हाला डोळ्यांनी दिसणार नाही तो मळ मी काढते." आणि हे म्हणताना ती समोरच्या बाईच्या हातातल्या कपाकडे असं काही बघायची, की त्या बाईनं तिला चहा घे म्हणून पुन्हा आग्रह करू नये.

डोंबिवलीतल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात ती प्रयोगशाळा परिचर होती. चौदा वर्षं झाली होती. विठ्ठलवाडी स्टेशनजवळ दोन खोल्यांचं घर, नवरा रत्नदीप ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. वडील कल्याणजवळ मोहने गावातल्या कारखान्यात कामाला होते तोवर मायानं बारावी सायन्स केलं, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला नावही घातलं. मग कारखाना बंद पडला आणि तिचं शिक्षणही. पुढे ती कॉलेजात परत आली ती थेट बेसिनपाशी. त्याचं तिला वाईट वाटायचं का? वाटायचं की. पण वाईट वाटून घेत बसायला वेळ कुणाला होता? बेसिनपाशी उभं राहून जेवढं रसायनशास्त्र कानावर पडेल तेवढं तिनं गोळा केलं, आणि चौदा वर्षांत ते पुष्कळ पडतं.

तिच्या भांड्यांचा कॉलेजभर दबदबा होता. फिजिक्सवाले चंचुपात्र मागायला यायचे तेव्हा हळूच विचारायचे, "मायाचं धुतलेलं आहे ना?" फ्लास्कवर मार्करनं नाव लिहून तसाच टाकून जाणाऱ्या एमएस्सीच्या पोरांना ती असं फैलावर घ्यायची की ती पोरं प्राध्यापकांना भीत नसत तेवढी तिला भीत. परीक्षानळीच्या बुडाशी ब्रश नीट पोचत नाही, तिथे तिची स्वतःची एक युक्ती होती. ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. विचारलंही नव्हतं कुणी.

तीन वर्षांपूर्वी विभागप्रमुख हरिहर आठल्ये सरांनी एक नवं काम हाती घेतलं आणि माया बेसिनवरून टेबलापाशी आली. काम होतं एका पुडीचं. फिकट पिस्त्याच्या रंगाची, चिमूटभर, दिसायला अगदीच सामान्य. पण ती करायची कशासाठी, हे सरांनी मायाला एकदा खुर्चीवर बसवून समजावलं होतं. त्यांची पद्धतच तशी होती. हाताखालच्या माणसाला कामाचं कारण कळलं पाहिजे म्हणायचे.

"आपल्या शरीरात विकरं असतात, मायाबाई. एन्झाइम. प्रत्येक विकराच्या अंगात एक खोबण असते. नेमका रेणू त्या खोबणीत येऊन बसतो, त्याच्यावरचं काम चटकन उरकतं, तो बाहेर पडतो. विकर होतं तसंच राहतं, पुढच्याला घ्यायला तयार. पण ही विकरं फार नाजूक. जरा ऊन लागलं की कामातून गेली. म्हणून आपण त्यांची नक्कल करायची. धातूचे कण म्हणजे सांधे आणि सेंद्रिय आम्लाचे रेणू म्हणजे त्यांना जोडणाऱ्या काड्या. त्यांची चौकट उभी करायची, म्हणजे आत सगळी भोकंच भोकं. त्या भोकांत थोडं तांबं बसवायचं. झाली आपली खोबण. फ्रीज नको, काही नको."

सर पुढे असंही म्हणाले, की चमचाभर पुडीतल्या भोकांच्या भिंती उलगडून पसरल्या तर एक मैदान भरेल. हे मात्र मायाला दोन दिवस पटलं नाही. "मग बाटलीत कसं मावतं, सर?" असं तिनं विचारलं. सर खूश झाले आणि त्यांनी आणखी अर्धा तास घेतला.

पुडीचं काम असं होतं. दूध जास्त वेळ टिकावं म्हणून काही लबाड त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. ते ओळखायची पट्टी बनवायला एक विकर लागतं, आणि ते गरम हवेत खराब होतं. त्याच्या जागी ही पूड चालली, तर पट्टी कुठल्याही टपरीवर, कुठल्याही घरात ठेवता येईल. चाचणी सोपी. परीक्षानळीत बिनरंगी द्रावण घ्यायचं, त्यात चिमूटभर पूड, वर पेरॉक्साइडचा थेंब. पूड विकरासारखी वागली तर द्रावण निळं होणार. शेजारी एक कोरी नळी ठेवायची. तिच्यात सगळं तेच, फक्त पूड नाही. ती पांढरीच, म्हणजे बिनरंगीच, राहिली पाहिजे, म्हणजे निळं पुडीमुळेच झालं हे कळतं.

या कामावर पीएचडी करत होती प्राची मेस्त्री. डोंबिवलीचीच, हुशार, बोलण्यात गोड आणि हातात घाई. तिची पूड कधी गुठळ्या धरायची, कधी करपायची. एकदा ती आजारी पडली तेव्हा मायानं वहीत बघून एक घाणा काढला, तर पूड अशी बारीक आणि एकसारखी निघाली, की त्या दिवसापासून पूड मायानं करायची आणि मोजमापं प्राचीनं घ्यायची असं ठरून गेलं. जानेवारीपासून प्रत्येक घाण्याला निळा रंग यायला लागला. गडद, मोरपिसासारखा. सरांनी मार्चमध्ये एका परिषदेत तो मांडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माया तिथे नव्हती, पण पोस्टरची गुंडाळी तिनंच बांधून दिली होती.

मग ऑगस्टमध्ये ठाण्याहून पार्सल आलं.

ठाण्यातली एक छोटी कंपनी अशा तपासपट्ट्या बनवायची. तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख शिवानी मॅडम यांना सरांनी पुडीचा नमुना पाठवला होता. त्यांच्याकडे चाललं, तर पट्टी खरोखर बाजारात जाणार होती. पार्सलात उरलेली पूड होती, प्लास्टिकच्या नळ्यांचं एक पाकीट होतं आणि चार ओळींचं पत्र होतं. तुमच्या पुडीनं आमच्याकडे कसलाही रंग आला नाही. तीनदा करून पाहिलं. आम्ही वापरल्या तशाच नव्या नळ्या सोबत पाठवत आहोत, तुम्हीही त्यांत करून पाहा. महिनाअखेरपर्यंत समाधानकारक नमुना न मिळाल्यास आम्हाला थांबावं लागेल.

कंपनी थांबली म्हणजे सरांचा प्रकल्प बंद, आणि प्रकल्प बंद म्हणजे प्राचीची पीएचडी अर्ध्यात. एवढं सरळ होतं ते.

"कुरियरवाल्यांनी वाट लावली असणार," प्राची म्हणाली. "नाहीतर त्यांनाच जमलं नसेल. कंपनीतले लोक ना, यार."

"दमट हवा," सर म्हणाले. "पावसाळ्यात पाठवायलाच नको होतं."

मायाला ते लागलं. जेवायला बोलावलेला पाहुणा ताट न उष्टावता उठावा, तसं लागलं. पूड तिच्या हातची होती. तिच्या हातच्या वस्तूला कुणी मेलेली म्हणतंय आणि आपण हवेला दोष देऊन मोकळं व्हायचं, हे तिला जमणारं नव्हतं. घरी रत्नदीपला तिनं सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "त्यात काय? आमच्याकडं ब्रेक एकानं लावला की टेस्टला गाडी दुसराच नेतो. स्वतःचं स्वतःला बरोबरच वाटतं." तिला त्याचा राग आला. खरं बोलणाऱ्या नवऱ्याचा येतो तसाच.

गुरुवारी दुपारी प्राची लायब्ररीत होती. मायानं ठाण्याहून परत आलेली पूड घेतली, आपली एक नळी घेतली, द्रावण घातलं, चिमूट टाकली, थेंब सोडला. पाच मिनिटांत मोरपिशी निळं. म्हणजे पूड कुरियरमध्ये मेली नव्हती. इथेच दुसरी कुणी असती तर नाचत सरांकडे गेली असती. मायानं पाकीट फोडून ठाण्याची एक प्लास्टिकची नळी काढली आणि तेच सगळं तिच्यात केलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली, वीस गेली. पाणी ते पाणीच.

पूड तीच, द्रावण तेच, हात तोच. बदलली होती फक्त नळी.

ती स्टुलावर बसली. पुढे काय करायचं हे तिला ठाऊक होतं, आणि ते करायची तिची अजिबात इच्छा नव्हती. शेवटी उठली, रॅकमधली आपली एक चकचकीत नळी घेतली, तिच्यात द्रावण घातलं, थेंब सोडला. पूड घातलीच नाही.

नळी निळी झाली.

मायानं दुसरी नळी घेतली, तिसरी घेतली. सगळ्या निळ्या. एक तेवढी पांढरी राहिली, ती म्हणजे 'कोरी' अशी चिठ्ठी लावलेली, जी नेहमी कोरी म्हणूनच वापरायचे. आणि त्या क्षणी तिला सगळं समजलं.

तिची ती युक्ती. पूड नळीच्या बुडाला चिकटून बसायची, ब्रशला दाद द्यायची नाही. म्हणून गेल्या डिसेंबरात मायानं एका काडीच्या टोकाला तारेच्या घासणीचा तुकडा गुंडाळला होता, घरी करपलेल्या पातेल्याला लावतात ती, लोखंडाची. बुड कसं लख्ख निघायचं! पण त्या तारेचे डोळ्यांना न दिसणारे कण काचेच्या चरांत अडकत होते, आणि आंबट द्रावणात विरघळलेलं लोखंड पेरॉक्साइडबरोबर तेच काम करतं जे विकर करतं. निळं करतं. आणि कोरी नळी? तिच्यात कधी पूडच पडली नव्हती. ती घासायला काडी कशाला लागतेय? मायानं ती कायम नुसती विसळली होती. म्हणून ती दर वेळी इमानदारीत पांढरी राहिली आणि सगळ्यांना खोटी साक्ष देत राहिली.

सात महिने. प्रत्येक निळी नळी. परिषद, टाळ्या, सगळं तिच्या काडीच्या टोकावर उभं होतं. मायाला इतकी लाज वाटली की तिनं आधी दाराकडे पाहिलं, कुणी बघत तर नाही ना म्हणून.

प्राची आली तेव्हा त्या सगळ्या नळ्या स्टँडमध्येच होत्या. मायानं तिला एकदाच सांगितलं, स्पष्ट. प्राचीचा चेहरा पांढराफटक पडला.

"मायाताई, हे कोणाला बोललीस?"

"अजून नाय."

"मग नको ना बोलूस. ऐक ना माझं. आपण गुपचूप सगळ्या ट्यूब बदलू. नवीन बॅच करू, ठाण्याला देऊ. कोणाला काय कळणारे?"

"आणि नवीन बॅचनं पण निळं नाय झालं तर?"

प्राचीनं टेबलाची कड धरली. "अडीच वर्षं गेली माझी. घरी सांगून बसलीय मी, पुढच्या वर्षी संपतंय म्हणून."

"मला कळतंय गं. पण ते निळं आपलं नव्हतंच, प्राची. मी लोखंड पाजलंय त्याला."

"तुला काय, तुला फक्त ओरडा पडेल," प्राची म्हणाली, आणि बॅग उचलून निघून गेली. मायाला ते वाक्य सुईसारखं टोचलं, पण सुई काढायला ती थांबली नाही. तिनं स्टँड एका हातात घेतला, ती काडी दुसऱ्या हातात, आणि सरांच्या केबिनचं दार पायानं ढकललं.

सर काडीकडे बघत राहिले. मग नळ्यांकडे. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"मायाबाई, हा निष्कर्ष मी मार्चमध्ये शंभर लोकांसमोर मांडलाय. तुम्हाला कल्पना आहे?"

"हो, सर."

"चौदा वर्षं तुम्ही इथे आहात! साधा ब्रश पुरत नव्हता तुम्हाला? कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला?" आठल्ये सरांचा आवाज चढलेला विभागात कुणी ऐकला नव्हता. तो त्या दिवशी व्हरांड्यातल्या शिपायानंही ऐकला. माया मान खाली घालून उभी राहिली नाही. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी. चूक केली होती तर तिच्यासाठीची बोलणीही पूर्ण खायची, असं तिला वाटत होतं.

बोलून झाल्यावर सर खिडकीपाशी गेले. परत आले तेव्हा आवाज खाली आला होता. "कोरी नळी वेगळी धुतली जाते हे मला माहीत असायला हवं होतं. तुम्ही लपवलं नव्हतंत. मीच कधी बेसिनकडे बघितलं नाही." मग थकल्यासारखे खुर्चीत बसले. "ठाण्याला कळवतो. निष्कर्ष मागे घेतो. थांबवू या हे सगळं."

"नाही, सर."

"काय नाही?"

"कळवा, पण थांबवू नका. पूड माझ्या हातची आहे. ती मेलेली आहे की नुसती झोपलेली आहे, ते मला बघू दे. महिनाअखेरीला अजून एकोणीस दिवस आहेत."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. असल्या बाईला नाही म्हणण्यात काही अर्थ नसतो, हे चौदा वर्षांत त्यांनाही कळलं असावं. त्यांनी पत्र लिहिलं, जसं घडलं तसं, काडीसकट. शिवानी मॅडमचं दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. मुदत तीच राहील. या वेळी कुरियर नको, करणारे स्वतः या.

बातमी कॉलेजात पसरायला एक दिवस पुरला. फिजिक्सचा परिचर बेसिनपाशी येऊन म्हणाला, "मायाबाय, आमच्या नळ्यांना पण थोडं लोखंड लावा की." ती हसली नाही, चिडलीही नाही. पदर खोचून तिनं जुन्या नळ्यांचा खोका उचलला आणि फुटक्या काचेच्या पिंपात ओतला. तो आवाज ऐकून परिचर आपोआप निघून गेला.

नव्या नळ्या आल्या. त्या आम्लात बुडवून ठेवायच्या, मऊ ब्रशनं धुवायच्या, शुद्ध पाण्यानं तीनदा विसळायच्या. आणि एक नवीन नियम मायानं स्वतः घातला. कोरी नळी वेगळी ठेवायची नाही. सगळ्या एकत्र धुवायच्या, एकाच टोपलीत टाकायच्या, आणि डोळे मिटून ज्या हाताला लागतील त्या कोऱ्या. प्राची परत कामावर आली होती, पण कामापुरतंच बोलायची. ती डोळे मिटून नळ्या काढायची आणि मायाच्या हातात द्यायची.

पहिल्या खऱ्या चाचणीत सगळ्या नळ्या पांढऱ्या राहिल्या. दुसऱ्या घाण्याच्याही. तिसऱ्याच्याही. रोज संध्याकाळी मायाला वाटायचं, आता सर म्हणणार, पुरे. सर म्हणत नव्हते, पण त्यांचा चेहरा म्हणत होता. रात्रीच्या भाकऱ्या करताना तिला तव्यावर पांढऱ्या नळ्या दिसायच्या. तरी सकाळी साडेनऊला ती टेबलापाशी हजर.

आठव्या दिवशी तिनं पूड करणं थांबवलं आणि वही उघडली. अगदी पहिल्या पानापासून, सरांनी सुरुवातीला लिहून दिलेल्या कृतीपासून, एकेक ओळ बोट ठेवून वाचायला घेतली. पूड ज्या द्रावकात तयार होते, तो द्रावक भोकांत भरून राहतो. तो काढायला पूड मिथेनॉलमध्ये ठेवायची, दर काही तासांनी मिथेनॉल बदलायचं, असं तीन दिवस. मग निर्वात भट्टीत कमी आचेवर सुकवायची. तीन दिवस? माया तर एकच रात्र ठेवत होती. कधीपासून? पानं उलटत ती जानेवारीवर आली. तिथे प्राचीच्या अक्षरात एक ओळ होती. 'एक रात्र पुरे. रंग येतोय.'

माया ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिली. रंग येतोय. येणारच होता! लोखंड निळं करत होतं, म्हणून पुडीची भोकं रिकामी आहेत की नाहीत हे कुणी बघितलंच नाही. खोबणी होत्या, पण जुना द्रावक त्यांत पागडीच्या भाडेकरूसारखा ठाण मांडून बसला होता. पेरॉक्साइडला आत शिरायला जागाच नव्हती. पूड मेली नव्हती. तिचा श्वास कोंडला होता.

तिनं वही प्राचीसमोर ठेवली आणि ओळीवर बोट ठेवलं. प्राचीनं वाचलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मायाताई, ही माझी घाई आहे."

"हो."

"मी तुला त्या दिवशी काय बोलली..."

"ते नंतर. मिथेनॉल किती आहे कपाटात बघ आधी."

अकरा दिवस उरले होते. पूड केली, मिथेनॉलमध्ये घातली. दिवसातून तीनदा बदलायचं, सकाळी आल्याबरोबर, दुपारी, संध्याकाळी निघताना. बाटलीवर मायानं वेळा लिहिल्या आणि प्राचीनं सह्या करायच्या असं ठरलं. घाईला वेसण म्हणून. चौथ्या दिवशी भट्टीत ठेवली, तर निर्वात टिकेना. दाराच्या रबरी कड्याला केसाएवढी चीर. कडं मागवलं, यायला दोन दिवस गेले. प्राची नखं खात बसली. माया त्या दोन दिवसांत पूड परत मिथेनॉलमध्ये घालून ते बदलतच राहिली. तीन दिवसांच्या जागी पाच झाले. वाईट काय त्यात? भाडेकरू जितके निघतील तितके बरे.

एकोणतीस तारखेला, रविवारी, सरांनी विभागाची किल्ली स्वतः आणून दिली आणि स्वतःही थांबले. प्राचीनं डोळे मिटून आठ नळ्या काढल्या. त्यातल्या तीन कोऱ्या. पाचांत पूड. मायानं थेंब सोडले. पाच मिनिटं काहीच नाही. सर घड्याळाकडे बघत होते. सातव्या मिनिटाला एका नळीच्या बुडाशी, पुडीच्या भोवती, धुरासारखी निळी रेघ उठली. मग दुसऱ्या नळीत. दहाव्या मिनिटाला पाची नळ्या आकाशी झाल्या होत्या. तिन्ही कोऱ्या, पांढऱ्या.

"आधीच्या मानानं पुष्कळ फिकं आहे," सर हळूच म्हणाले.

"फिकं असू दे, सर," माया म्हणाली. "हे खरं आहे." तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. अजून ठाणं बाकी होतं.

सोमवारी ती आणि प्राची कल्याणहून एसटीनं खोपटला उतरल्या. पुडीची बाटली मायाच्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेली. कंपनी डेपोपासून दहा मिनिटांवर होती, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. शिवानी मॅडम चाळिशीच्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. त्यांनी बाटली घेतली, पूड उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "काडीवाल्या तुम्ही का?"

"मीच," माया म्हणाली.

"बरं." मॅडमनी हातमोजे घातले. "आज काचेच्या नळ्यांत करते. आमचं मोजणीयंत्र काचेचीच नळी घेतं." सगळं त्यांनी स्वतः केलं. मायाला हात लावू दिला नाही, आणि मायालाही तेच हवं होतं. सहा नळ्या, दोन कोऱ्या. प्राचीनं मायाचं मनगट घट्ट धरलं होतं. आठव्या मिनिटाला चार नळ्यांत रंग उतरला. कोऱ्या पांढऱ्या राहिल्या. मॅडमनी यंत्रावर आकडे घेतले आणि पहिल्यांदाच हसल्या.

"जमलंय. पट्टीला पुरेल एवढं आहे. अभिनंदन." त्यांनी नोंदवही ओढली आणि पेन उघडलं. प्राचीनं मायाला मिठीच मारली.

मायानं तिला हलकेच बाजूला केलं. "मॅडम, थांबा. लिहू नका. ह्या नळ्या कोण धुतं?"

मॅडमचं पेन हवेतच राहिलं. "भिवाकाका. का?"

"त्यांना भेटू द्या एकदा."

"मायाताई, यार, झालं ना आता," प्राची कुजबुजली. पण मॅडमनी मागच्या दाराकडे बोट दाखवलं.

मागच्या खोलीत बेसिनपाशी एक साठीचा माणूस उभा होता. बाह्या दुमडलेल्या, हात कोपरापर्यंत ओले. इतक्या वर्षांत बाहेरचं कुणी त्या खोलीत आलं नसावं, कारण तिला बघून त्यानं गडबडीनं आधी नळ बंद केला आणि मग हात पुसले.

"काका, नळीच्या बुडाला काही चिकटून राहिलं तर कशानं काढता तुम्ही?"

भिवाकाकांच्या कपाळाला आठी पडली. "का? डाग राह्यला का कुठं?"

"नाही हो. नळ्या आरशासारख्या आहेत. मला फक्त सांगा."

"आम्लात ठेवायच्या. सकाळी ब्रश मारायचा, नायलॉनचा. मग डिस्टिल वॉटर, तीनदा."

"आणि कोरी नळी?"

"कोरी काय नि भरलेली काय, मला काय माहीत कुठची कशाला वापरतात? माझ्याकडं येतात त्या सगळ्या घाणच समजतो मी."

"तारेची घासणी कधी?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्याच्या आईला शिवी दिली असावी. "काचेला तार? बाई, काचेला कोण तार लावतं?"

मायाचं थोपवून धरलेलं रडू सुटलं, भर बेसिनपाशी, परक्या माणसासमोर. भिवाकाका गोंधळले. आपण काही जास्त बोललो की काय, म्हणून त्यांनी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही. त्यांच्या हातांना हात लावून नमस्कार केला, पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर आली.

शिवानी मॅडम पेन उघडं धरून तशाच बसल्या होत्या. समोरचं पान अजून रिकामं होतं.

"लिहा, मॅडम," माया म्हणाली. "निळं पुडीनंच झालंय."

आणि मॅडमनी लिहिलं.